कोलेस्टेरॉलसारखे रेणू एका लिपिड पटलातून दुसऱ्यात कसे जातात: मोजणीची सविस्तर पद्धत

दोन प्रकारचे लायपोसोम (लिपिडच्या दुहेरी थराच्या सूक्ष्म पिशव्या, म्हणजेच पुटिका) एकत्र मिसळले, त्यांपैकी एकात चमकणारे स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या कुळातील रेणू) होते आणि थोड्या वेळाने फ्लुओरोमीटरवरील (चमक मोजणाऱ्या यंत्रावरील) रेषा वर चढू लागली, तर स्टेरॉल एका पटलातून दुसऱ्यात गेले असे म्हणण्याचा मोह सहज होतो. त्या रेषेवरून खरे तर एवढेच कळते की दोन चमकणारे रेणू एकमेकांच्या काही नॅनोमीटर जवळ आले आहेत. पुटिका एकमेकींत विलीन झाल्या असतील किंवा ज्या प्रथिनाचा अभ्यास चालू आहे त्याने त्या नुसत्याच चिकटवल्या असतील, तरीही रेषा तशीच चढते. म्हणून या लेखात मोजणीच्या कृतीइतकाच भर दोन गोष्टींवर दिला आहे: मोजपट्टीची शून्य व समतोल ही दोन टोके प्रयोगानेच निश्चित करणे, आणि स्थलांतराखेरीजचे प्रत्येक स्पष्टीकरण स्वतंत्र चाचणीने बाद करणे. हे झाल्याशिवाय वक्राला समीकरण बसवण्यात अर्थ नाही.

कोणती पायरी मोजायची आहे

दाता पटलाच्या (ज्यातून स्टेरॉल निघते त्या पटलाच्या) आतल्या थरातील कोलेस्टेरॉलच्या रेणूला ग्राही पटलात (ज्यात ते जाते त्या पटलात) पोहोचण्यासाठी आधी बाहेरच्या थरात यावे लागते, मग पटल सोडून पाण्यात उतरावे लागते आणि शेवटी दुसऱ्या पटलात शिरावे लागते. यांतील पटल सोडण्याची पायरी सर्वांत अवघड असते, कारण कोलेस्टेरॉलचे रेणू पाण्यात सुटे राहू शकतात ती मर्यादा जेमतेम २५ ते ४० नॅनोमोलर आहे. त्यामुळे प्रथिनाच्या मदतीशिवाय फॉस्फॅटिडिलकोलीनच्या दोन पुटिकांमध्ये कोलेस्टेरॉलची देवघेव ३७ अंश सेल्सिअसलाही तासांच्या हिशेबाने चालते. आतल्या थरातून बाहेरच्या थरात येण्याच्या वेगाबद्दल मात्र एकमत नाही. बहुतेक मोजमापांत ही उलटापालट सेकंदांत किंवा त्याहून लवकर होताना दिसते, तर २०११ मध्ये न्यूट्रॉन प्रकीर्णनाने केलेल्या मोजणीत ती बरीच संथ आढळली. आपल्या हिशेबात दात्यातील सगळे स्टेरॉल उपलब्ध धरायचे की केवळ बाहेरच्या थरातले, हा निर्णय या प्रश्नाशी जोडलेला आहे, म्हणून तो गृहीत न धरता वहीत स्पष्ट लिहून ठेवावा.

पाण्यातून होणाऱ्या प्रवासाची एक उपयुक्त खूण आहे. दाता व ग्राही पटलांची घडण सारखी असेल, तर ग्राही पुटिका दुप्पट किंवा चौपट केल्या तरी वक्राचा वेग-स्थिरांक बदलत नाही. बदलतो तो शेवटचा समतोल. सुटलेला रेणू ज्या पटलाचे पृष्ठफळ जास्त त्यात अधिक वेळा शिरतो, पण सुटण्याचा वेग तो ज्या पटलात आहे त्यावरच ठरतो. याउलट पुटिकांच्या टकरीतून स्टेरॉल जात असेल, तर वेग पुटिकांच्या संहतीबरोबर वाढतो. ही चाचणी सोपी आहे आणि यंत्रणेबद्दल जितके सांगते तितके इतर कोणतीही एकच चाचणी सांगत नाही, त्यामुळे ती पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.

प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी यीस्टमधील ओएसएच४ हे प्रथिन अजूनही सर्वोत्तम सरावाचे उदाहरण आहे. २००५ मध्ये त्याची त्रिमितीय रचना समजली तेव्हा स्टेरॉलचा एक रेणू पोकळीत घेऊन तिच्यावर झाकण लावणारे प्रथिन समोर आले. २०११ मध्ये ते स्टेरॉलच्या बदल्यात फॉस्फॅटिडिलइनॉसिटॉल-४-फॉस्फेट हे लिपिड उलट दिशेने नेते, असे दिसून आले. एकाच पोकळीत दोन वेगवेगळी लिपिडे आळीपाळीने बसतात, यामुळे ग्राही पटलात हे दुसरे लिपिड आहे की नाही यावर स्टेरॉलचा वेग मोठ्या प्रमाणात बदलतो. पटलाची घडण ठरवताना ही बाब विसरून चालत नाही.

स्टेरॉलची निवड

कोलेस्टेरॉल स्वतः चमकत नाही. त्याला चमकणारा गट जोडणे सोपे वाटते, पण बरेचदा त्यामुळे रेणूचे वागणेच बदलते. एनबीडी गट जोडलेल्या कोलेस्टेरॉलमध्ये तो ध्रुवीय गट पाण्याकडे ओढला जातो आणि रेणू पटलात वेगळ्याच पद्धतीने बसतो, त्यामुळे स्थलांतराचा वेग मोजण्यासाठी तो वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बॉडिपी जोडलेले कोलेस्टेरॉल पेशींच्या सूक्ष्मदर्शी चित्रणासाठी उपयोगी आहे, परंतु वेगाच्या आकड्यांसाठी तेही संशयास्पदच.

डिहायड्रोएर्गोस्टेरॉल, म्हणजे डीएचई, आणि कोलेस्टाट्रायेनॉल हे दोन रेणू जोडगटाशिवाय स्वतःच चमकतात, कारण त्यांच्या कड्यांमध्ये एकाआड एक अशी तीन दुहेरी बंधने असतात. कोलेस्टाट्रायेनॉलची शेपटी हुबेहूब कोलेस्टेरॉलसारखी असते, तर डीएचईची यीस्टमधील एर्गोस्टेरॉलसारखी. डीएचई अधिक सहज मिळते, म्हणून पुढील कृती त्याच्यासाठी दिली आहे. दोन्ही रेणू प्रकाश आणि हवेने लवकर बिघडतात. साठा गडद रंगाच्या काचेच्या कुपीत, आरगॉन किंवा नायट्रोजनखाली, उणे २० अंशांवर किंवा त्याहून थंड ठेवावा आणि दर काही आठवड्यांनी द्रवस्तंभ वर्णलेखनाने त्याची शुद्धता तपासावी. ऑक्सिडीभूत स्टेरॉले मूळ स्टेरॉलपेक्षा पाण्यात अधिक सहज उतरतात, त्यामुळे थोड्याशा अशुद्धीमुळेही वक्राच्या सुरुवातीला एक खोटा वेगवान टप्पा दिसू शकतो.

लायपोसोमची तयारी

दाता व ग्राही लायपोसोम शक्य तितके एकसारखे असावेत. सुरुवातीला डायओलिऑइलफॉस्फॅटिडिलकोलीन, म्हणजे डीओपीसी, हेच मुख्य लिपिड घ्यावे. ते उणे १७ अंशांच्या वर द्रव अवस्थेत असते, त्यामुळे तापमानाची अडचण येत नाही. दात्यात मोल प्रमाणात १० टक्के डीएचई आणि उरलेले डीओपीसी, तर ग्राहीत २.५ टक्के डॅन्सिल-पीई (डॅन्सिल हा चमकणारा गट जोडलेले फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन हे लिपिड) आणि उरलेले डीओपीसी, अशी घडण पहिल्या प्रयोगासाठी पुरेशी आहे. डॅन्सिल गट लिपिडच्या शीर्षाला जोडलेला असल्याने तो प्रयोगाच्या काळात आपले पटल सोडत नाही, आणि हीच या पद्धतीची मूळ अट आहे.

क्लोरोफॉर्ममधील लिपिडे काचेच्या सिरिंजनेच मोजावीत. प्लास्टिकच्या टिपांमधून विरघळलेले पदार्थ पटलात मिसळतात. मिश्रण काचेच्या गोल बुडाच्या चंबूत नायट्रोजनच्या झोतात फिरवत वाळवावे, म्हणजे भिंतीवर पातळ, एकसंध थर बसतो, आणि नंतर किमान दोन तास निर्वातात ठेवावे. क्लोरोफॉर्मचा उरलेला अंश पटलाची घट्टता कमी करतो आणि स्थलांतराचा वेग वाढवतो. वाळलेल्या थरावर ५० मिलिमोलर हेपीस आणि १२० मिलिमोलर पोटॅशियम ॲसिटेट असलेले, ७.२ सामूचे बफर घालून तासभर अधूनमधून हलवत भिजवावे. मग द्रव नायट्रोजनमध्ये गोठवणे आणि ३७ ते ४० अंशांच्या पाण्यात वितळवणे असे पाच वेळा करावे, जेणेकरून कांद्यासारख्या बहुस्तरीय पुटिका कमी होतील. शेवटी १०० नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट पडद्यातून एक्स्ट्रुडरने विषम संख्येने, म्हणजे ११ किंवा २१ वेळा, दाबून काढावे. विषम संख्येमुळे अंतिम नमुना विरुद्ध बाजूच्या सिरिंजमध्ये येतो आणि पडद्यातून कधीच न गेलेले मोठे कण मागे राहतात. पुढे संतृप्त लिपिडे वापरायची झाली, तर भिजवणे आणि दाबणे त्यांच्या वितळण्याच्या तापमानाच्या वरच करावे. डीपीपीसी या संतृप्त फॉस्फॅटिडिलकोलीनसाठी ते ४१ अंश आहे.

आता तीन तपासण्या कराव्यात आणि त्यांपैकी एकही घाईत वगळू नये. पहिली आकाराची: डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगने दाता व ग्राही यांचा व्यास जुळतो का ते पाहावे, कारण लहान पुटिकांच्या अधिक वक्र पटलातून स्टेरॉल अधिक वेगाने सुटते. दुसरी प्रमाणाची: दाबून काढताना पडद्यावर लिपिड वाया जाते, त्यामुळे वजन करून घेतलेला आकडा वापरू नये, १९५९ मध्ये बार्टलेट यांनी दिलेल्या फॉस्फेट मापनाने लिपिडची आणि स्टेरॉल काढून घेऊन शोषणाने डीएचईची खरी संहती ठरवावी. तिसरी स्तरांची: त्याच पद्धतीने तयार केलेल्या पुटिकांत थोडे एनबीडी-पीई घालून, ताजे बनवलेले डायथायोनाइट मिसळावे; ते पटलातून आत न शिरता केवळ बाहेरच्या थरातील एनबीडीची चमक घालवते. पुटिका एकस्तरीय असतील तर चमक निम्म्याहून किंचित अधिक घटते, कारण १०० नॅनोमीटरच्या पुटिकेत बाहेरच्या थरात सुमारे ५५ टक्के लिपिड असते. घट यापेक्षा बरीच कमी दिसली, तर आतले स्तर शिल्लक आहेत आणि तिथले स्टेरॉल समतोलापर्यंत कधीच पोहोचणार नाही.

मोजणी

डीएचई सुमारे ३२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते आणि ३७० ते ४०० नॅनोमीटरला उत्सर्जित करते. हे उत्सर्जन डॅन्सिल शोषून घेते आणि ५२० नॅनोमीटरच्या आसपास चमकते. स्टेरॉल ग्राही पटलात आले की ही ऊर्जा-देवघेव, म्हणजे फ्रेट, सुरू होते. उत्तेजन ३१० नॅनोमीटरला ठेवून उत्सर्जन ५२५ नॅनोमीटरला मोजावे. ३१० नॅनोमीटरची निवड मुद्दाम केलेली आहे: तिथे प्रथिनांतील ट्रिप्टोफॅन जवळजवळ उत्तेजित होत नाही. डीएचईचे स्वतःचे उत्सर्जन मोजायचे असेल, तर पाण्याचे रामन शिखर (पाण्याने विखुरलेल्या प्रकाशाचा उंचवटा) या उत्तेजनासाठी ३४६ नॅनोमीटरच्या जवळ येते हे लक्षात ठेवून रिकाम्या पुटिकांचा वर्णपट वजा करावा.

क्युव्हेट क्वार्ट्झचीच घ्यावी, कारण साधे पॉलिस्टायरिन या तरंगलांबीला प्रकाश अडवते. तापमान नियंत्रित आणि ढवळणे सतत असावे. दाता व ग्राही प्रत्येकी १०० मायक्रोमोलर लिपिड या प्रमाणात घ्यावेत आणि ३१० नॅनोमीटरला एकूण शोषण ०.१ च्या आत आहे का ते पाहावे. नसेल तर दोन्ही सारख्याच प्रमाणात विरळ करावेत. लॅम्पसमोरचे झाकण केवळ मोजणीच्या क्षणी उघडावे. सतत प्रकाश पडल्यास डीएचई जळते आणि उतरत्या रेषेमुळे स्थलांतर थांबल्याचा भास होतो. आधी ग्राही, मग दाता घालून पाच मिनिटे स्थिर रेषा घ्यावी आणि नंतर प्रथिन घालावे. प्रथिनाची संहती डीएचईच्या तुलनेत फार कमी, उदाहरणार्थ १० मायक्रोमोलर डीएचईसाठी ०.२ मायक्रोमोलर ठेवावी. अशा वेळी प्रथिनाने पटलातून उचलून स्वतःजवळ ठेवलेले स्टेरॉल जास्तीत जास्त २ टक्के असते. त्यापलीकडचा बदल उचलण्यातून समजावता येत नाही, त्यासाठी प्रथिनाला फेऱ्या माराव्याच लागतात.

दोन टोके निश्चित करणे

शून्य टोकासाठी डीएचई नसलेले दाते आणि नेहमीचे ग्राही एकत्र मोजावेत. ३१० नॅनोमीटरला डॅन्सिल थोडेसे थेटही उत्तेजित होते, आणि ही पार्श्वभूमी प्रत्येक तुकडीत वेगळी असते.

समतोलाचे टोक हे या प्रयोगातले सर्वांत जास्त दुर्लक्षिलेले काम आहे. बरेच जण वक्र जिथे सपाट होतो तिथेच समतोल मानतात, पण प्रथिन निष्क्रिय झाले किंवा पुटिका बहुस्तरीय असल्या तरी वक्र सपाटच होतो. त्याऐवजी समतोल आधीच बांधून घ्यावा: दात्यात ५ टक्के डीएचई आणि ग्राहीत ५ टक्के डीएचई अधिक २.५ टक्के डॅन्सिल-पीई घालून वेगळे लायपोसोम तयार करावेत आणि त्यांचे मिश्रण मोजावे. हे पूर्ण झालेल्या स्थलांतराचे खरे चित्र असते. त्याच पद्धतीने ग्राहीत १, २, ३ आणि ४ टक्के डीएचई, तर दात्यात अनुक्रमे ९, ८, ७ आणि ६ टक्के असे नमुने केल्यास पूर्ण अंशांकन वक्र मिळतो. फ्रेटचा संकेत स्टेरॉलच्या प्रमाणाशी नेमका सरळ रेषेत वाढेलच असे नाही, म्हणून हे श्रम वाया जात नाहीत. मिथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन (स्टेरॉलला पोकळीत घेऊन पाण्यातून नेणारा शर्करांचा कडीसारखा रेणू) घालून समतोल लवकर गाठण्याची पद्धतही प्रचलित आहे आणि ती पडताळणीसाठी चांगली आहे, मात्र मात्रा कमीच ठेवावी. जास्त सायक्लोडेक्स्ट्रिन स्टेरॉल दोन्ही पटलांतून ओढून स्वतःकडे ठेवते आणि संकेत उलट खाली येतो.

हिशेब एका उदाहरणाने पाहू. पार्श्वभूमी २० एकके, समतोलाचा संकेत ७० एकके आणि प्रथिन घातल्यानंतर ३० सेकंदांनी ३२ एकके आढळली; अंशांकन या टप्प्यात सरळ रेषेत आहे असे धरू. तर (३२ − २०) भागिले (७० − २०), म्हणजे समतोलाच्या ०.२४ इतका प्रवास झाला. एकूण डीएचई १० मायक्रोमोलर आणि दाता-ग्राही समान, म्हणून समतोलाला ग्राहीत ५ मायक्रोमोलर असते. त्याचे ०.२४ म्हणजे १.२ मायक्रोमोलर अर्ध्या मिनिटात, अर्थात मिनिटाला २.४ मायक्रोमोलर. प्रथिनाविना मोजलेला वेग मिनिटाला ०.१ मायक्रोमोलर असेल, तर उरलेले २.३ भागिले प्रथिनाचे ०.२ मायक्रोमोलर, म्हणजे प्रथिनाच्या एका रेणूमागे मिनिटाला ११.५ स्टेरॉल रेणू. हा आकडा सुरुवातीच्या सरळ भागावरूनच काढावा. पुढे उलट दिशेचा प्रवासही सुरू होतो. शिवाय अर्ध्या मिनिटात एकच बिंदू मिळत असेल, तर मिसळण्याची चूक त्या बिंदूतच लपते, म्हणून प्रथिन कमी करून वक्र संथ करावा आणि किमान आठ-दहा बिंदूंवरून उतार काढावा.

इतर स्पष्टीकरणे बाद करणे

विलीनीकरण तपासण्यासाठी एनबीडी-पीई आणि त्याची चमक शोषून घेणारे रोडामिन-पीई एकाच पुटिकेत ठेवून त्या रिकाम्या पुटिकांशी मिसळण्याची, १९८१ पासून रुळलेली पद्धत वापरावी. विलीनीकरण झाले की ही दोन लिपिडे एकमेकांपासून दूर जातात आणि एनबीडीची चमक वाढते. स्टेरॉलच्या प्रयोगातले प्रथिन, क्षार आणि तापमान इथे तंतोतंत तेच असावे, अन्यथा या चाचणीला अर्थ उरत नाही.

नुसते चिकटणे ओळखणे याहून अवघड आहे. दोन पटले अगदी जवळ आली, तर दात्यातील डीएचईची ऊर्जा पलीकडच्या पटलातील डॅन्सिलपर्यंत स्थलांतराविनाही पोहोचू शकते. यावर चांगला उपाय असा की वक्र सपाट झाल्यावर प्रोटिनेज-के हे प्रथिने तोडणारे एन्झाइम घालून प्रथिन नष्ट करावे. पुटिका सुट्या होताच संकेत खाली आला, तर त्यातला तेवढा भाग चिकटण्याचा होता; ग्राहीत खरोखर पोहोचलेले स्टेरॉल तिथेच राहते आणि त्याचा संकेतही टिकतो. सोबत ३५० ते ४०० नॅनोमीटरला गढूळपणा मोजत राहावा.

प्रथिनाच्या बाबतीत उकळून निष्क्रिय केलेला नमुना हा पुरेसा नियंत्रण-नमुना नाही, कारण उकळलेले प्रथिन गोळा होऊन वेगळाच गोंधळ करू शकते. स्टेरॉल बसण्याची जागा बिघडवलेले, पण घडी शाबूत असलेले उत्परिवर्तित प्रथिन हाच खरा नियंत्रण-नमुना. आणि पुनरावृत्ती म्हणजे एकाच लायपोसोमच्या बाटलीतून तीनदा मोजणे नव्हे. स्वतंत्रपणे तयार केलेल्या तीन तुकड्यांचे आकडे हीच स्वतंत्र पुनरावृत्ती मानावी, कारण चुकीचा मोठा वाटा तयारीतच असतो.

खऱ्या कोलेस्टेरॉलने पडताळणी

डीएचई कितीही जवळचे असले तरी ते कोलेस्टेरॉल नव्हे, म्हणून महत्त्वाचा निष्कर्ष किरणोत्सारी ट्रिटियम-कोलेस्टेरॉलने एकदा तरी तपासावा. दात्यात ऋणभारित लिपिड घालून, धनभारित डीईएई स्तंभातून मिश्रण काढल्यास दाता पुटिका स्तंभात अडकतात आणि भाररहित ग्राही बाहेर येतात. बफरमधील क्षार जास्त असेल तर अडकणे सैल होते, त्यामुळे या टप्प्यासाठी क्षार कमी ठेवावा. दात्यात कार्बन-१४ खूण असलेले ट्रायओलीन थोडेसे मिसळावे. हा रेणू पटल सोडत नाही, म्हणून तो ग्राहीसोबत जितका बाहेर येतो तितका दात्यांचाच गळलेला अंश समजून ट्रिटियमच्या आकड्यातून वजा करता येतो. स्तंभातून जाण्याच्या काळातही स्थलांतर चालू राहते, म्हणून नमुना आधी बर्फावर थंड करून लगेच गाळावा. स्तंभाऐवजी दात्यात सुक्रोज भरून ते जड करणे आणि सेंट्रिफ्यूजने तळाला बसवणे हाही मार्ग आहे. मात्र त्यासाठी १०० नॅनोमीटरपेक्षा मोठ्या पुटिका सोयीच्या असतात आणि बाहेरच्या बफरचा परासरण दाब आतल्या सुक्रोजशी जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर पुटिका फुटतात.

या दोन पद्धतींचे वेग जुळले नाहीत, तर आधी लिपिडची घडण, तापमान आणि क्षार दोन्हीकडे खरोखर सारखे होते का ते तपासावे. किरणोत्सारी पद्धतीत घातलेला ऋणभार एकट्यानेही प्रथिनाचे पटलावर बसणे बदलू शकतो. तो फरक काढून टाकूनही तफावत राहिली, तर वेगाचा आकडा ट्रिटियम-कोलेस्टेरॉलचा द्यावा आणि वक्राचा आकार, तसेच घडणीनुसार होणारे बदल, डीएचईच्या मोजणीतून सांगावेत. स्फिंगोमायलिन वाढवल्यावर वेग कमी होणे आणि असंतृप्त लिपिड वाढवल्यावर तो वाढणे दोन्ही पद्धतींत सारख्याच दिशेने दिसले, तर डीएचईवर पुढील मालिकांसाठी विसंबता येते.